सेकंडचा माल

काठापासून चार बोटं आत
एक उभी रेघ, केसाएवढी.
जिथे धागा असायला हवा, तिथे तो नाही.
एवढंच मी सांगितलं.
पडद्यावरची दुभाषी बाई अडखळली,
"धागा तुटलाय, असं म्हणू का?"
म्हटलं, तुटलेला नाही हो. नाहीच.

मी राज्यलक्ष्मी वडनाल, चेकर.
अक्कलकोट रोडला शेड, सोळा माग.
अकरा नंबरच्या फणीचा एक दात
गड्ड्याच्या दिवसांत मोडला.
जॉबर मल्लेशम पोरांना पाळण्यात बसवायला गेलेला,
आणि शेठ म्हणाले, चालू दे,
माग उभा ठेवून कुणाचं पोट भरतंय?
शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी नवी फणी बसली.
मधले एकोणचाळीस दिवस
माझ्या वहीत हिरव्या शाईनं एकच शब्द :
सेकंड.

सेकंडचा माल वजनावर जातो.
गठ्ठे एका व्यापाऱ्याकडे, त्याच्याकडून दुसऱ्याकडे,
मग बंदर, मग कुठल्याशा छावणीचं कोठार.
त्या देशाचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही.
टेम्पो वळणावरून गेला की आपलं काम संपलं,
असं आम्ही धरून चालायचो.

फोटो अठ्ठावीस होते.
कोर्टाची बाई म्हणाली, फक्त कापडाकडे बघा.
कापडाकडेच बघितलं मी.
धुऊनसुद्धा माती निघालेली नव्हती.
टॉवेल उभा फाडून पट्ट्या केलेल्या,
पट्टीला मागून गाठ,
गाठीत केस.

तोंड पुसायला विणलेलं
डोळ्यांवर बांधलं होतं.

तो साहेब, त्याच्या छातीवर आता बिल्ले नव्हते,
शांतपणे म्हणाला,
मी नाताळात तिथे आलो
तेव्हा ते खड्डे बुजलेले होते,
वर गवत होतं.

मी वही उघडली.
नाताळात अकरा नंबरची फणी धड होती.

त्याचा वकील हसला. हजारो टॉवेल, बाई,
तुम्ही हाच कसा ओळखता?
म्हटलं, पोराचा कुठला दात पडलाय
हे आईला मोजून बघावं लागतं का?
दुभाषीनं हे सांगायला बराच वेळ घेतला.
मग तिकडे कुणीच काही बोललं नाही,
फक्त इथल्या कोर्टाचा जुना पंखा खडखडत राहिला.

नंतर कळलं,
त्यातली अकरा माणसं दातांवरूनच ओळखली म्हणे.
बाकीच्यांचे दात ओळखतील
असं कुणी मागे उरलेलं नव्हतं.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही.
एकतीस वर्षं मी दोष हुडकून बाजूला टाकला.
त्या दिवशी पहिल्यांदा दोषानं साक्ष दिली.
धड निघालेला पीस
कुणाविषयी काही बोलत नाही.
आणि धड पीसच जास्त निघाले आमच्याकडून.
पंधरा माग नीट चालत होते तेव्हा,
त्यांचं कापड
कुठे कुठे, कुणाकुणाच्या डोळ्यांवर,
त्याची वही कोण काढणार?

निकाल लागलेला नाही.
माझी वही तिकडेच आहे, लाखेच्या मोहरेखाली.
पावती दिलीय. ती मी पिठाच्या डब्यामागे ठेवलीय,
का, ते मलाही सांगता येणार नाही.

काल नवी पोरगी, सुगलाबाईची नात,
उजेडाला टॉवेल धरून म्हणाली,
मावशी, रेघ आलीय, सेकंडला टाकू?
टाक म्हटलं.
ती टाकून वळली.
थांब. माग नंबर लिही.
तारीख लिही.
ती म्हणाली, तारीख कशाला, सेकंडच तर आहे.
लिही गं. सालासकट.